सुरुवात चार नंबरवरून

रविवार, ५ ऑक्टोबर. संध्याकाळी सात.

नवीन वही. फक्त नोंदींसाठी. भावना वगैरे लिहिण्याचा उद्देश नाही.

वस्तुस्थिती अशी. डिचोलीच्या पलीकडे एका बंद खाणीच्या खड्ड्यात आमचा क्ले शूटिंग क्लब आहे. यंत्र मातीची तबकडी हवेत फेकतं, आपण ती छर्‍याच्या बंदुकीने फोडायची. खड्ड्याच्या कडेने पाच स्टँड. प्रत्येक स्टँडवर दहा तबकड्या, एकूण पन्नास. पाचही स्टँड प्रत्येकाला घ्यावेच लागतात. सुरुवात कुठून करायची ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

३० नोव्हेंबरला निवड. डिसेंबरात कोल्हापूरजवळ आंतरराज्य स्पर्धा, त्यासाठी क्लबमधून तिघे जाणार. तिघांत बायकांची जागा एक. क्लबमध्ये बायका दोन. मी आणि नार्वे गावची पद्मावती.

शाळेत आणि कॉलेजात मी कुठल्याही टीममध्ये नव्हते. स्कोअर लिहायला मात्र सगळे मलाच बोलवायचे, कारण माझा स्कोअर कधी चुकला नाही. ही जागा मला हवी आहे. एकदाच लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

आजचे गुण: मी १९. पद्मावती ३४.

कारण सापडलं. मी एक नंबरवरून सुरुवात केली, आणि तीही केवळ 'एक' हा पहिला आकडा म्हणून. हा निर्णय नव्हता, सवय होती. एक नंबरची तबकडी डावीकडे फार वेगाने जाते. दहापैकी दोन लागल्या. सुरुवात बिघडली की पुढचे चार स्टँड सावरण्यात जातात.

म्हणजे प्रश्न नेमाचा नाही. प्रश्न सुरुवातीचा आहे.

कृष्णनाथबाब आमचे कोच. खाण चालू होती तेव्हा तीस वर्षं सुरुंग लावायचे, त्यामुळे कान कमी, आवाज मोठा. सर्वांसमोर म्हणाले, "क्षमा, तू बंदूक थांबयतंस गो. तबकडी फुडें जाता आनी तू थांबान तिका बघत रवतंस." हे ते सगळ्यांनाच सांगत असावेत. नोंद केली.


मंगळवार, ७ ऑक्टोबर. जेवणाची सुट्टी.

तुयेच्या कारखान्यात माझं काम कॅलिब्रेशनचं. औषधं बनवायच्या यंत्रांवरचे प्रेशर आणि तापमानाचे मीटर खरं दाखवतात की नाही ते तपासायचं. तेव्हा पद्धत म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

एक्सेल शीट उघडली. कॉलम: सूर्याची दिशा, वारा, रांगेतला वेळ, तबकडीचा कोन, तबकडीचा वेग. प्रत्येक स्टँडला शंभरपैकी गुण. ज्याला सर्वांत जास्त, तिथून सुरुवात.

सूर्यासाठी प्रत्येक स्टँडचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला आहे ते हवं. मोबाइलचा कंपास नाकारला. आजूबाजूला सगळं लोहखनिज, सुई कुठेही फिरेल.


बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी सहा.

नशीब म्हणणार नाही, पण उपयोगी वस्तू मिळाली. बाबांच्या पेटीत त्या खाणीचा जुना नकाशा आहे. बाबा त्याच खाणीत सर्व्हेला होते. खाण बंद झाल्यापासून इब्रामपूरला केळी लावतात आणि रानडुकरांना शिव्या देतात. नकाशा हाताने काढलेला, रेषा सुंदर, वर उत्तरेचा बाण. एका कोपर्‍यात कुणीतरी चहाचा कप ठेवला होता, तिथे गोल डाग. बाकी उत्तम.

बाबांना विचारलं नाही. विचारलं की कशाला ते सांगावं लागतं.

पाचही स्टँड पेन्सिलने नकाशावर मांडले. चार नंबरचं तोंड वायव्येला. म्हणजे सकाळी साडेआठला सूर्य पाठीशी. चार नंबरला शंभरपैकी ९१. दोन नंबर सर्वांत वाईट, ३८.

पद्मावती दर रविवारी दोन नंबरवरून सुरुवात करते. काय बोलायचं.


रविवार, १२ ऑक्टोबर. संध्याकाळी साडेसहा.

चार नंबरवरून सुरुवात. १८.

तपशील. पहिल्या दहात तीन. डोळ्यांत सतत प्रकाश येत होता. नकाशाप्रमाणे सूर्य पाठीशी, तेव्हा हा प्रकाश सूर्याचा नसणार. खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं आहे, त्याचं परावर्तन असावं. शीटमध्ये 'पाणी' हा कॉलम वाढवला.

पद्मावती ३६. तिला विचारलं, दोनच का? सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने बोट दाखवलं. दोन नंबरच्या मागे आकेशियाचं झाड आहे, त्याच्या फांदीला तिची जेवणाची पिशवी. "सावळी आसा बाय. भाजी आंबना." म्हणजे भाजी आंबू नये म्हणून. वय पन्नाशीच्या आसपास, बंदूक सासर्‍यांच्या वेळची दुनळी, आता परवाना तिच्या नावावर. आतापर्यंत माकडं आणि डुकरं हाकलायला वापरायची. तिच्याकडे पद्धत अशी नाहीच.

तिने मला उंड्यात, म्हणजे गोल पावात, भाजी घालून दिली. नको म्हणाले. तिने हातात ठेवली. खाल्ली. स्पर्धकाशी संबंध औपचारिक ठेवायचे, हा ठराव पुढच्या रविवारपासून.


सोमवार, २० ऑक्टोबर. दिवाळी.

काल क्लब बंद. सगळे नरकासुर बांधण्यात. आज पहाटे नरकासुर जाळले, मग पाच प्रकारचे पोहे. आईने सगळे खायला लावले.

दुपारी शीट. वार्‍याला फार कमी महत्त्व दिलं होतं, ते वाढवलं. तरी उत्तर चार नंबरच. पद्धत भक्कम असल्याचं हे लक्षण आहे. काहीही बदललं तरी उत्तर तेच येतं.


रविवार, २६ ऑक्टोबर. रात्रीच्या जेवणाआधी.

चार नंबर. १९.

डोळ्यांत पुन्हा प्रकाश. पाणी मात्र आटत आलं आहे. आता ते उथळ झालं म्हणून जास्त चमकत असावं.

आज अनिलने माझ्या सांगण्यावरून चारवरून सुरुवात केली. अनिल क्लबचा सेक्रेटरी, मूळचा कोल्हापूरचा, कारखान्यांतल्या मशिनी दुरुस्त करतो. एरवी तीस गुणांच्या खाली येत नाही. आज २४. उतरल्यावर टोपी काढून डोळे चोळत म्हणाला, "मॅडम, सूर्य पाठीशी हाय म्हनला होता न्हवं? मग माझ्या म्होरं कोन हुतं, त्येचा भाऊ?"

परावर्तनाबद्दल सांगितलं. त्याने खड्ड्यातल्या पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा आणायला गेला.

एका माणसाच्या एका फेरीवरून निष्कर्ष काढता येत नाही.


बुधवार, २९ ऑक्टोबर.

ठराव:
रोज रात्री दहा मिनिटं रिकाम्या हाताने स्विंगचा सराव, आरशासमोर. (आजपासून.)
कृष्णनाथबाबांशी वाद घालायचा नाही.
शीट कुणाला दाखवायची नाही.


गुरुवार, ३० ऑक्टोबर.

स्विंगचा सराव केला नाही. त्या दहा मिनिटांत रांगेचा कॉलम सुधारला. दोन्ही एकाच ध्येयासाठी आहे.


रविवार, २ नोव्हेंबर. दुपार.

आज निर्णयच चुकला, आणि तो शीटचा नव्हता. चार नंबरवर रांग होती, तीन माणसं. शीटमध्ये तीन माणसांच्या रांगेला सहा गुण कमी. तेव्हा तीन नंबर पुढे. तीनकडे गेले तर तिथे एकजण आला, म्हणजे पाच नंबर पुढे. पाचकडे निघाले तर चारची रांग कमी झाली. परत चार. असं चौदा मिनिटं. हातात बंदूक उघडी, खांद्यावर काडतुसांची पिशवी, खाली लाल माती.

अनिल लांबून ओरडला, "मॅडम, तुमी ठरवस्तोवर तबकड्या म्हातार्‍या हुतील की!" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं, जेवढं आवश्यक तेवढं.

शेवटी पाचवरून. १९.

वाईट इतकंच वाटलं की चौदा मिनिटांच्या थकव्याचा कॉलम शीटमध्ये नाही. वाढवला.

कृष्णनाथबाब आज माझ्यामागे उभे राहिले. एकेका गोळीनंतर एकच वाक्य. "थांबलंस." गोळी. "थांबलंस." गोळी, लागली. "आता नाय थांबलंस." मग मी मागे वळून म्हणाले की मी थांबत नाही, नळीच्या टोकावरचा मणी आणि तबकडी यांतलं अंतर खात्री करून घेते. ते म्हणाले, "तेंच गो. तू मोजतंस. मोजूक गेलंस काय तबकडी गेली."

काटेकोरपणा हा दोष आहे असं ऐकायची मला सवय नाही. वाद घातला नाही. ठराव पाळला. मनात घातला.


शनिवार, ८ नोव्हेंबर.

कारखान्यात १२ ते १४ डिसेंबरच्या रजेचा अर्ज दिला. कारण: स्पर्धा. मॅनेजरनी विचारलं, निवड झाली का? मी म्हणाले, प्रक्रिया चालू आहे. हे खोटं नाही.

रजा मंजूर.


रविवार, ९ नोव्हेंबर.

चार नंबर. १९.

पद्मावती ३५. आज तिने विचारलं, "बाय, तुजे कागद कितें म्हणटात?" मी म्हणाले, चार. ती म्हणाली, बरं, आणि पिशवी झाडाला अडकवून दोन नंबरवर उभी राहिली. तबकडी सुटली की तिची बंदूक त्यामागे अशी जाते जशी ती परसात पळणार्‍या कोंबडीमागे वळत असेल. तोंडाने बोलणंही चालू. बोलता बोलता फुटते.

हे टिकणारं नाही. पद्धतीशिवाय सातत्य येत नाही. (तिचे गुण: ३४, ३६, ३५, ३३, ३५. नमुना लहान आहे.)


शनिवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी पाच.

हे शांतपणे लिहायचं आहे.

नकाशा मेजावर पसरला होता. बाबा चष्मा शोधत आले. नकाशा पाहून चेहरा उजळला. म्हणाले, हा माझा. मी म्हणाले, ऑफिसच्या कामाला घेतला. त्यांनी वाकून पाहिलं. मी प्रत्येक स्टँडपाशी पेन्सिलने छोटा सूर्य काढला होता, सकाळी साडेआठ, नऊ, साडेनऊ. त्यांनी विचारलं, हे काय? सूर्य, मी म्हणाले. हयसर? हो.

बाबा आधी खोकले. मग खोकला नसून हसू आहे हे कळलं. आईला हाक मारली, "सुशीला, हयसर ये गो, तुझ्या चेडवान सूर्य पश्चिमेक उगवलो!"

वस्तुस्थिती: नकाशावरचा बाण ही खरी उत्तर नाही. ती खाणीची उत्तर. खनिजाची शीर जमिनीत जशी जाते, तिच्याबरोबर खाणवाले आपली उत्तर धरतात, म्हणजे मोजणी सोपी पडते. खरी उत्तर तिथून एकशे एकतीस अंश बाजूला. बाबा म्हणाले, हे त्यांनी नकाशाच्या कोपर्‍यात लिहिलंही होतं. कोपर्‍यात चहाचा डाग आहे.

मी म्हणाले, उत्तर ही उत्तर असते. बाबा म्हणाले, "आमका खंय तारवां घेवन दर्यात जावचा होता?"

ते रोज जेवताना समोर बसतात. सहा आठवडे.

आईने विचारलं, पण तिकडे उभी राहून सूर्य दिसत नव्हता का? नकाशा गुंडाळला.


त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसात.

विचाराअंती ही बातमी चांगली आहे.

तीन रविवार मी सर्वांत वाईट स्टँडवरून सुरुवात केली आणि तरीही १९ पर्यंत आले. चार नंबरचं तोंड जवळजवळ थेट पूर्वेला. म्हणजे सूर्य समोर ठेवून १९. योग्य स्टँडवरून किती येतील याचा अंदाज करता येतो. सावधपणे धरले तरी ३५.

नवीन गणित. सर्वांत चांगला: दोन नंबर. शंभरपैकी ९३.

पद्मावती तिथून सुरुवात करते हा योगायोग आहे. ती भाजीसाठी करते.


रविवार, १६ नोव्हेंबर.

दोन नंबरवरून सुरुवात. पद्मावतीने लगेच जागा दिली, पिशवीही हलवू लागली. मी म्हणाले, पिशवी राहू द्या.

२०.

१९ वरून २०. सुधारणा ५.३ टक्के. दिशा बरोबर आहे.

कृष्णनाथबाबांना विचारलं, काही फरक दिसला का? "दिसलो. आज तू सावळेत थांबलंस."


रविवार, २३ नोव्हेंबर.

धुकं. नऊपर्यंत यंत्रच दिसत नव्हतं. दोनवरून, १८. धुक्यातल्या नोंदी बाद धरायच्या.

आता फक्त निवडीचा दिवस. त्या दिवशी पाच-पाच जणांच्या तुकड्या, प्रत्येकजण एका स्टँडवर, मग सगळे पुढे सरकायचे. जो आधी येईल तो सुरुवातीचा स्टँड निवडणार. म्हणजे सगळं पहाटे किती वाजता निघते त्यावर. इब्रामपूरहून दोडामार्गावरून डिचोली, स्कूटरने पन्नास मिनिटं. चार पन्नासला निघायचं.


शनिवार, २९ नोव्हेंबर. रात्री आठ.

हवा: स्वच्छ. वारा: ईशान्येकडून, मंद. बंदूक: क्लबची तीन नंबरची, कृष्णनाथबाबांनी तेल देऊन ठेवली आहे. काडतुसं: पुरेशी. स्टँड: दोन.

काहीही राहिलेलं नाही.

आरशासमोर स्विंग करून पाहिला, एकदाच. आरशात मी थांबत नाही.


रविवार, ३० नोव्हेंबर. संध्याकाळी सहा.

क्रमाने.

पाच चाळीसला पोचले. गेटवर पहिली. अनिलने यादीवर पहिलं नाव लिहिलं, विचारलं, कुठनं? दोन, मी म्हणाले. "बघा, पुन्ना विचार करायचा आसंल तर अजून येळ हाय," म्हणाला. नाही म्हणाले. आयुष्यात इतक्या खात्रीने कुठलाही आकडा सांगितला नव्हता.

पद्मावती सर्वांत शेवटी, आठ वीसला. पोदेर उशिरा आला आणि पावाशिवाय ती निघणार कशी. राहिला होता चार नंबर. माझ्या शीटप्रमाणे शंभरपैकी २२. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. हे प्रामाणिकपणे लिहीत आहे, कारण त्यात थोडा आनंदही होता.

साडेआठला सुरू व्हायचं होतं. पण आधी गार्‍हाणं. खाणीच्या काळापासूनची रीत, मोठं काम असलं की त्या जागेच्या राखणदाराला नारळ द्यायचा आणि सगळं त्याच्या कानावर घालायचं. कृष्णनाथबाब उभे राहिले, आम्ही मागे, टोप्या हातात. ते म्हणणार, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणणार.

"बा देवा म्हाराजा, ह्या डोंगराच्या राखणदारा! आज ही लेकरां जी काय बंदूक हातात घेवन उभी रवली हत, तेंचा काम सुरळीत पार पाड रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा.

"कोणाचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा.

"आनी ह्या आमच्या सगुणाच्या चेडवाचा मोजप, देवा, वायच कमी कर रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा. (सगुण म्हणजे बाबा, चेडू म्हणजे मुलगी.) हे सर्वांत मोठ्याने झालं. अनिलचा आवाज ओळखू आला. पद्मावतीचाही.

गार्‍हाणं सव्वीस मिनिटं चाललं. सूर्य साडेसहा अंश सरकला. तरी दोन नंबरच सर्वोत्तम. आधीच हिशेब करून ठेवला होता.

दोन नंबर. सूर्य पाठीशी, खराखुरा. वारा गालावर, मंद. मागे सावली. रांग नाही. पाठीमागे कुणी बोलत नाही. ज्या ज्या गोष्टीची मी शीटमध्ये मागणी केली होती ती प्रत्येक गोष्ट तिथे हजर होती. "पुल" म्हणाले. तबकडी निघाली, नारिंगी, स्वच्छ, हळू. इतकी छान दिसत होती की मला मणी आणि तिच्यातलं अंतर अगदी नेमकं दिसलं. ते पाहिलं. मग ती झाडांमागे उतरली.

दहापैकी तीन.

पुढचे चार स्टँड. एकूण १९.

पद्मावती ३८. चार नंबरवर दहापैकी नऊ. मी तिला विचारलं, सूर्य नव्हता का डोळ्यांत? ती म्हणाली, होता ना. "उजवाडांत क्ले काळी दिसता बाय. आनिकूय बरी." म्हणजे उजेडासमोर तबकडी काळी दिसते, अधिकच बरी.

हा कॉलम शीटमध्ये नव्हता.

अनिलने नावं वाचली. टाळ्या वाजवल्या, सर्वांबरोबर सुरू केल्या, सर्वांबरोबर थांबवल्या. पद्मावती माझ्याकडे येत होती. मी हेल्मेट घातलं आणि स्कूटर सुरू केली. हेल्मेट घातल्यावर बोलणं नीट ऐकू येत नाही, हे तिला समजलं असेल.


सोमवार, १ डिसेंबर. जेवणाची सुट्टी.

निकालाची कारणं:
(१) गार्‍हाणं लांबलं, हात गार पडले.
(२) पहिली तुकडी. दुसर्‍या तुकडीला वारा कमी होता.
(३) दोन नंबर सर्वोत्तम आहे, पण सर्वोत्तम ठिकाणाहून सुरुवात केली की पुढे सगळं उतारच. कदाचित सर्वांत वाईट ठिकाणाहून सुरुवात करून चढत जायला हवं होतं. म्हणजे चार.

(३) मध्ये तथ्य आहे. पुढच्या वर्षीसाठी नवीन शीट.


शनिवार, ६ डिसेंबर.

नवीन शीट उघडली. कॉलमची नावं लिहिली. बंद केली.

उद्या क्लबला जाणार नाही. स्कूटरचं टायर पाहायचं आहे.


गुरुवार, ११ डिसेंबर.

मॅनेजरनी विचारलं, मग उद्या निघालात? मी म्हणाले, रजेवर आहे. हेही खोटं नाही.


शनिवार, १३ डिसेंबर. सकाळी नऊ.

घरी. बाबा केळीच्या बागेत, आई चुलीपाशी. मी बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर.

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पद्मावती, कोल्हापूरजवळून. मागे गोळ्यांचे आवाज. म्हणाली, इथे स्टँड निवडायला देत नाहीत, चिठ्ठी काढतात. तिला तीन नंबर आला. सूर्य उजवीकडून आहे, समोर ऊस आहे, वारा आहे. हे बरं की वाईट?

मी लॅपटॉप आणला. तो हाताशीच होता. त्या मैदानाचा नकाशा माझ्याकडे नाही, पण जुनी शीट उघडली. सुरुवातीचा स्टँड: एक, चार, चार, पाच, चार, दोन, दोन, दोन. सूर्य समोर, सूर्य पाठीशी, धुकं, रांग. शेजारचा कॉलम: १९, १८, १९, १९, १९, २०, १८, १९.

कारखान्यात असा मीटर आला तर मी दोन मिनिटांत निकाल देते. दाब वाढवला, कमी केला, पूर्ण काढून टाकला, आणि काटा हलला नाही, तर दाबाबद्दल चर्चा करत बसायचं नसतं. वायर जोडलेलीच नाही. तसं कार्डावर लिहायचं आणि सही करायची.

पद्मावती पलीकडून म्हणाली, आसा मगे बाय? म्हणजे, आहेस ना?

मी म्हणाले, काही फरक पडत नाही. कुठूनही सुरू करा. बंदूक थांबवू नका, बस.

ती म्हणाली, "तें माका खबर आसा गो."

मग मी विचारलं, खबर आहे तर फोन कशाला केला?

म्हणाली, "तूं वाट पळयत आसतलें न्हय, म्हणून." मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी वाट पाहत नव्हते.

अचूकतेसाठी नोंद: फोन सव्वासातपासून मांडीवर होता, आवाज पूर्ण मोठा करून.